शस्त्रक्रियोत्तर मूत्रावरोध

शस्त्रक्रियेनंतर मूत्राशय भरलेला असूनही लघवी न होणे किंवा अपुरी होणे, या अवस्थेस शस्त्रक्रियोत्तर मूत्रावरोध म्हणतात. मूळव्याध व हर्नियाच्या शस्त्रक्रियांनंतर तो विशेष आढळतो. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या वृद्ध पुरुषांत त्याचा संभव अधिक असतो.

प्रौढाच्या मूत्राशयात सामान्यतः ४०० ते ६०० मिलि. मूत्र मावते. कमरेतून दिलेल्या भुलीमुळे मूत्राशयाकडे जाणाऱ्या त्रिकास्थी (कण्याच्या खालच्या टोकाकडील हाड) भागातील तंत्रिका काही तास निष्क्रिय राहतात. या काळात सलाईन चालू असल्याने मूत्राशय भरत जातो, पण रुग्णास त्याची जाणीव होत नाही. मॉर्फिनवर्गीय वेदनाशामके आणि बद्धकोष्ठता यांनी त्यात भर पडते.

या विकाराची जुनी नोंद मूत्राघात या नावाने मिळते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्र या शेवटच्या भागात त्याचे १२ प्रकार सांगितले असून चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात १३ मूत्रदोष येतात. सुश्रुताचा काळ काही अभ्यासक इ. स. पू. सहाव्या शतकाइतका मागे नेतात, तर काही तो इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांकडे आणतात. तथापि उत्तरतंत्र ही मागाहून पडलेली भर असावी हे मत अधिक ग्राह्य दिसते, त्यामुळे हे वर्गीकरण संहितेच्या सर्वांत जुन्या थराचे मानणे सावधपणाचे ठरणार नाही. उत्तरबस्ती या आयुर्वेदीय उपचारात मूत्रमार्गात घालावयाच्या नळीचा मुख्य हेतू औषध आत सोडण्याचा असल्याने तिला आजच्या कॅथेटरची (मूत्र बाहेर काढण्याच्या नळीची) थेट पूर्वज ठरविणेही घाईचे होय. फुग्याच्या आधाराने मूत्राशयात टिकणारी नळी अमेरिकी शल्यविशारद फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. मात्र १९३६ मध्ये तिचे पेटंट एका रबर कंपनीतील दुसऱ्याच संशोधकास मिळाले आणि फोली यांचा दावा अखेरीस टिकला नाही.

अडलेले मूत्र काढण्यासाठी घातलेली अशी नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ती शक्य तितक्या लवकर काढतात. त्यानंतर काही तासांत लघवी न झाल्यास सोनोग्राफीने साठा मोजतात. अवरोध लांबल्यास रुग्णास स्वतः ठरावीक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामा करण्यास शिकवितात. स्वच्छ हातांनी करावयाची ही पद्धत अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये मांडली. थंडी वाजून ताप येणे, रक्ताच्या गुठळ्या पडणे किंवा नळीतून मूत्र येणे थांबणे ही त्वरित डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे होत.

कोकणातील अनेक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी मुंबई वा कोल्हापूरला आणि सिंधुदुर्गातील बरेच जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. त्यांपैकी काही नळीसह घरी परततात. घाटातील लांबच्या प्रवासात नळीला जोडलेली मूत्राची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील आणि नळी मुडपणार नाही हे पाहावे लागते. वारंवार उठणे टाळण्यासाठी पाणीच कमी पिण्याची सवय दमट उष्म्यात अपायकारक ठरते. पेज, कोकम सरबत व शहाळे उपयोगी आहेत. परंतु शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारूनच घ्यावे. शौचकूप परसात असलेल्या घरांत पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावरून रात्री जाण्यापेक्षा खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवणे सोयीचे. गोखरूचा काढा मूत्रल (मूत्राचे प्रमाण वाढविणारा) मानला जातो. परंतु मूत्र अडलेले असताना मूत्रल द्रव्य घेतल्यास मूत्राशयावरील ताण वाढण्याचीच शक्यता असते.