केमो घेणाऱ्या मुलाला औषधाचं नाव माहीत हवं

"त्याला काही सांगू नका, खचून जाईल." रक्ताचा कर्करोग झालेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे पालक डॉक्टरांना असं हमखास विनवतात. त्यामागे मायाच असते, पण त्यामुळे उपचारांवरची एक नजर कमी होते. सिस्टरची पाळी बदलते, निवासी डॉक्टर बदलतात, वडील बिलाच्या रांगेत असतात. प्रत्येक डोसला हजर असतो तो फक्त पेशंट.

केमोतल्या व्हिंक्रिस्टिन या औषधाचंच बघा. हे औषध सदाफुलीतून मिळतं. पेशीत ट्युब्युलिन या प्रथिनाचे कण एकमेकांना जोडून सूक्ष्मनलिका बनतात आणि पेशी दुभंगताना याच नलिका गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढतात. व्हिंक्रिस्टिन ट्युब्युलिनला चिकटतं, नलिका तयार होत नाहीत आणि ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) पेशी विभाजन अर्धवट राहून मरते. चेतापेशी विभाजित होत नाहीत, पण नलिका त्यांनाही लागतात. कण्यापासून पावलापर्यंत गेलेल्या लांबलचक तंतूत लागणारा सगळा माल या नलिकांच्या रुळांवरूनच जातो. म्हणून औषध शिरेतून दिलं तरी पायाला मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होतं, जबडा दुखतो, चालताना पाऊल लोंबतं. मेंदू बचावतो, कारण रक्तातून तिथे हे औषध जवळपास पोचतच नाही. पण चुकून पाठीतल्या इंजेक्शनने ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गेलं, तर ही आडकाठी उरत नाही. पायांकडून वर चढणारा लकवा आणि बहुतेक वेळा मृत्यू. खात्रीचा उतारा नाही.

(सदाफुलीची पानं चावून कर्करोग बरा होत नाही. एक ग्रॅम व्हिंक्रिस्टिन काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि पानात इतर विषारी अल्कलॉइडही (वनस्पतीतली तीव्र रसायनं) असतात.)

व्हिंक्रिस्टिन पाठीत जाण्याची चूक होते, कारण याच उपचारात मेथोट्रेक्सेट हे केमोचं दुसरं औषध खरोखरच पाठीतून द्यायचं असतं आणि दोन्ही सिरिंज शेजारी येऊ शकतात. 2001 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये 18 वर्षांचा एक तरुण असाच दगावला. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली सांगितलं की व्हिंक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नये, सलाईनच्या छोट्या पिशवीत पातळ करून द्यावं. पन्नास मिली द्रव कुणी पाठीत टोचायला जाणार नाही. ही व्यवस्था लावणं रुग्णालयाचंच काम आहे, ते आजारी पोरावर ढकलता येणार नाही. तरीही पाठीतल्या इंजेक्शनसाठी कुशीवर वळण्याआधी "सिस्टर, हे कोणतं औषध? व्हिंक्रिस्टिन तर नाही ना?" असं विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. उत्तर देताना सिस्टरने लेबल मोठ्याने वाचावं.

घरी धोका वेगळा. मेंटेनन्समध्ये, म्हणजे घरी गोळ्या घेण्याच्या पुढच्या टप्प्यात, मर्कॅप्टोप्युरिन ही केमोची गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. समजा डोस 30 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 2.5 मिलिग्रॅमच्या बारा गोळ्या. एकदम बारा गोळ्या बघून घरचं कुणीतरी घाबरतं आणि त्या आठवडाभर वाटून देतं. मधल्या दिवसांच्या विश्रांतीतच अस्थिमज्जा (हाडातला रक्तपेशी बनवणारा मगज) सावरत असते. ती विश्रांती गेली की तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी कोसळतात. उलट केमिस्टने 10 मिलिग्रॅमची पट्टी दिली आणि सवयीने बारा गोळ्या घेतल्या, तर पोटात 120 मिलिग्रॅम जातं. म्हणून मुलाने गोळ्या मोजण्याआधी पट्टीवरचे मिलिग्रॅम वाचावेत, पट्टीवर पेनाने वार लिहावा आणि डबी वेगळी ठेवावी. गुळवेलीचा काढाही बंद. त्याने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि या दोन्ही गोळ्या यकृताला आधीच जड असतात.

ताप 38 अंशांवर (100.4 फॅरनहाइट) गेला की आधी फोन, मग पॅरासिटामॉल. गोळीने ताप उतरतो, रक्तातला जंतू तसाच राहतो. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य मुलाने स्वतः म्हणावं: "माझी केमो चालू आहे, ताप आलाय, सीबीसी आणि ब्लड कल्चर घ्या." (सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जंतू आहे का याची तपासणी.) नाहीतर व्हायरलच्या रांगेत बसवतात, आणि अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं असतं.