हिरव्या प्लेटमागचा समुद्र

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून थर्माकोलच्या पेटीत आणलेला बर्फ, त्यात रोवलेल्या बोटाएवढ्या नळ्या आणि भोवती पहिल्या वर्षाची मुलं. ई. कोलाय जिवाणूत जेलीफिशचं जनुक घालायचं प्रात्यक्षिक आमच्याकडे असं सुरू होतं. नळ्या ४२ अंशांच्या पाण्यात ५० सेकंद धरायच्या, की पुन्हा बर्फात.

यामागची एक वाट न्यूमोनियातून येते. मेलेल्या घातक जिवाणूंच्या संगतीत निरुपद्रवी जिवाणूही घातक होतात, हे १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ यांना दिसलं. तो गुण डीएनएमधून जातो, हे ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. ई. कोलाय मात्र बाहेरचा डीएनए सहजी आत घेत नाही. १९७० मध्ये मँडेल आणि हिगा यांनी त्याला थंड कॅल्शियम क्लोराईडमध्ये ठेवलं, तेव्हा दार किलकिलं झालं. दोन वर्षांनी स्टॅन्ली कोहेन यांच्या प्रयोगशाळेने त्याच रीतीने प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, आत सरकवलं.

दुसरी वाट समुद्राची, आणि मला तीच जास्त आवडते. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बरला सुमारे १० हजार जेलीफिश पकडून त्यांच्या प्रकाशाचं मूळ शोधत होते. एकदा त्यांनी अर्क सिंकमध्ये ओतला आणि सिंक निळं लखलखलं. तिथे मत्स्यालयाचं खारं पाणी येत होतं, आणि प्रकाश पेटवला तो त्यातल्या कॅल्शियमने. इथेही कॅल्शियमच! पण जिवंत जेलीफिश चमकतो हिरवा. निळ्याचा हिरवा करणारं आणखी एक प्रथिन त्याच कामात सापडलं, ते जीएफपी (ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन). डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचं जनुक वेगळं केलं आणि १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते ई. कोलायमध्ये चालवून दाखवलं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळालं, तेव्हा प्रॅशर अलाबामात मोटारविक्रेत्याच्या गिऱ्हाइकांची ने-आण करत होते.

थंडीत कधीकधी आमच्या किनाऱ्यावरच्या लाटा रात्री निळ्या चमकतात, त्या नॉक्टिल्युका या एकपेशीय समुद्री जिवामुळे. तो आपला उजेड आपण तयार करतो. ते पाहिलेली मुलं आमचे जिवाणू वाढवलेली प्लेट हातात घेऊन आधी खोलीतले दिवे घालवतात आणि हिरमुसतात, कारण काळोखात काहीच दिसत नाही. जीएफपीला बाहेरून प्रकाश लागतो. यूव्ही टॉर्च धरला की वसाहती पोपटी उजळतात, तेही जनुक चालू करणारी अरॅबिनोज साखर घातलेल्या प्लेटवर. शेजारच्या नुसत्या अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर त्याच जिवाणूंच्या वसाहती पांढऱ्याच राहतात. जनुक आत आहे, पण बंद.