कर्जरोख्याचा शेअर होताना: एका नोंदीची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंग-प्रेसिंग किंवा दाळ मिलच्या प्रायव्हेट कंपनीत संचालकांचे कर्ज शेअरमध्ये वळवायचे झाले, तर नोंद दोन ओळींत उरकते: कर्ज नावे, भांडवल आणि प्रीमियम (शेअरच्या दर्शनी किमतीवरची जादा रक्कम) जमा. परिवर्तनीय कर्जरोख्यांची, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या रोख्यांची, नोंदही अनेक वर्षे अशीच होत आली. वाद आहे तो शेअर किती रकमेला धरायचे याचा.

अमेरिकन रेल्वे कंपन्या एकोणिसाव्या शतकातच असे रोखे काढत होत्या. आपल्याकडे त्यांची लाट आली १९८० च्या दशकात. रूपांतराचा भाव तेव्हा सरकारी मंजुरीने ठरे, तो बाजारभावाच्या बराच खाली असे आणि गुंतवणूकदार त्यासाठीच अर्ज भरत. भांडवल उभारणीवरील नियंत्रणाचा १९४७ चा कायदा १९९२ मध्ये गेला, तशी किंमत कंपन्यांच्या हाती आली.

समजा, १,००० रुपयांच्या रोख्याला १० रुपये दर्शनी किमतीचे २० शेअर मिळाले आणि बाजारभाव ८० आहे. पुस्तकी पद्धतीत शेअर कर्जाच्या वहीतल्या रकमेलाच धरायचे: २०० भांडवलाला, ८०० प्रीमियमला. बाजारमूल्य पद्धतीत शेअर १,६०० ला धरायचे आणि ६०० तोटा दाखवायचा. ज्या व्यवहारात कंपनीच्या गल्ल्यातून पैसाही जात नाही, त्यात तोटा कसला? व्यवहारात पुस्तकी पद्धतच टिकली, ते योग्यच झाले.

रोखा काढतानाच त्यातले कर्ज आणि रूपांतराचा हक्क वेगळे करायचे का, यावर मात्र अमेरिकेत चक्क कोलांट्या झाल्या. तिथल्या लेखामानके ठरवणाऱ्या मंडळाने १९६६ मध्ये वेगळे करा म्हटले, वर्षभरात ते स्थगित केले, १९६९ मध्ये करू नका म्हटले. २००८ मध्ये रोखीने फेडता येणाऱ्या रोख्यांसाठी पुन्हा विभागणी आली, २०२० मध्ये तीही गेली. आंतरराष्ट्रीय लेखामानक १९९५ पासून विभागणीवर ठाम आहे.

आपल्याकडचा खरा गुंता विदेशी चलनातल्या परिवर्तनीय रोख्यांचा. त्यांची योजना १९९३ ची, पण भर आला २००५ ते २००७ च्या तेजीत. कित्येक रोख्यांवर व्याज शून्य. मुदतीअखेर रूपांतर झाले नाही तर परतफेडीवर घसघशीत प्रीमियम, म्हणजे मुद्दलावर जादा रक्कम. हा प्रीमियम म्हणजे साठवलेले व्याजच. पण १९५६ च्या कंपनी कायद्याचे कलम ७८ कर्जरोख्यांच्या परतफेडीचा प्रीमियम सिक्युरिटीज प्रीमियम खात्यातून भागवू देत होते. काही कंपन्या दरवर्षी त्या खात्यातून हप्ता वजा करत, काही नुसती संभाव्य देणी म्हणून टीप देत. नफातोटा पत्रक दोन्हीकडे कोरडे. रूपांतर झाले की तो हप्ता उलटा फिरवून प्रीमियम खात्यातच परत जमा. कायद्यात बसत होते, हे मान्य. पण उसन्या पैशाची किंमत नफ्यातून कधी वजाच झाली नाही. २००८ मध्ये शेअर कोसळले, रूपांतर कोणालाच परवडेना, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत डॉलरमधली परतफेड प्रीमियमसकट दारात उभी राहिली. रुपयाही घसरलेला.

२०१३ च्या कायद्याच्या कलम ५२ ने ठरावीक लेखामानके पाळणाऱ्या कंपन्यांसाठी ही वाट बंद केली. १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना नवी भारतीय लेखामानके लागू झाली आणि विभागणी आली. वरच्याच रोख्यात सुरुवातीला कर्ज ८८०, हक्क १२० धरू. रूपांतराच्या दिवशी कर्ज वाढून ९५० झालेले असेल, तर ९५० आणि १२० मिळून १,०७० पैकी भांडवल २०० आणि उरलेले ८७० इक्विटीतच (भागधारकांच्या निधीत), नफा-तोटा नाही. वाढलेले ७० आधीच व्याजखर्च म्हणून नफ्यातून गेलेले असतात.

विदेशी चलनातल्या हक्काबाबत मात्र भारताने स्वतःची सवलत ठेवली. रूपांतराची किंमत डॉलरमध्ये ठरलेली असेल, तर आंतरराष्ट्रीय मानक तो हक्क म्हणजे कंपनीची देणेदारी मानते आणि दर ताळेबंदाला त्याचे नव्याने मूल्यांकन करायला लावते. शेअर वधारला की तोटा. भारतीय मानकात किंमत कोणत्याही चलनात ठरलेली असली तरी हक्क इक्विटीतच राहतो. म्हणून दोन्ही मानकांवर हिशेब देणाऱ्या कंपनीचा एकाच वर्षाचा नफा दोन ठिकाणी दोन निघू शकतो.