वृद्धाश्रमाला बाग परवडत नाही, हा गैरसमज

मराठवाड्यात वृद्धाश्रम बांधायचा म्हटलं की हमखास ऐकू येतं: प्यायला पाणी नाही, बाग कुठली जगवता? अंगणभर फरशी टाका. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा भीती खोटी नाही. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पाणी पितं ते लॉन. कडुलिंब पहिले दोन-तीन उन्हाळे जगवला की पुढे त्याची मुळं त्याचं बघतात. तेवढं पाणी घरातच असतं. आंघोळीचं माणशी 20 लिटर धरलं तरी तीस माणसांचे रोज 600 लिटर झाले. कर्दळीच्या वाफ्यातून गाळून ते झाडांना द्यावं, पालेभाजीला नको. शिवाय 100 चौरस मीटर छतावर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे 70,000 लिटर. थोडं वाया गेलं तरी केवढं!

फरशीचं अंगण मात्र मे महिन्यात रात्रीही धग सोडत राहतं. म्हातारपणी तहान कमी जाणवते, घाम कमी येतो, उष्माघात लवकर गाठतो. तिथे सावली औषधाइतकी गरजेची. म्हणून आधी पश्चिमेची झाडं ठरवा, मग खोल्यांचा नकाशा काढा. आणि झाडाला पार बांधाल तेव्हा उठताना धरायला कठडा नक्की ठेवा.