जुना पुणे–सोलापूर–हैदराबाद रस्ता : जतन व स्मरण

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या जुन्या राजरस्त्याच्या उरलेल्या खुणा सांभाळणे, त्यांची नोंद ठेवणे आणि या रस्त्यावर घडलेल्या घटनांची आठवण जागती ठेवणे, असे या विषयाचे स्वरूप आहे. मैलाचे दगड, वडाच्या रांगा, दगडी मोऱ्या (रस्त्याखालून पाणी काढणारे छोटे पूल) व मोठे पूल, मुक्कामाच्या जागा आणि नाक्यांची नावे या त्यातल्या मुख्य खुणा. किल्ला किंवा देऊळ जपायचे तर भोवती कुंपण घालता येते. रस्त्याचे तसे नाही. तो रोज वापरात असतो आणि वापरात ठेवायचा तर दर काही वर्षांनी उकरावाच लागतो. त्यामुळे या रस्त्याची सर्वांत मोठी हानी दुर्लक्षापेक्षा दुरुस्तीने केली आहे.

हा रस्ता दीर्घकाळ राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणून ओळखला जाई. २०१० च्या फेरक्रमांकनात तो ६५ झाला. पुणे ते मछलीपट्टणम अशी त्याची लांबी सुमारे ८४१ किमी असून पुणे–सोलापूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात आहे. लोणी काळभोर, यवत, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, बाळे हा त्याचा पश्चिमेकडचा क्रम. सोलापूर ओलांडल्यावर मुळेगाव, बोरामणी, इटकळ, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर आणि उमरगा लागते. सोलापुरातच त्याला विजापूर, तुळजापूर, बार्शी, अक्कलकोट आणि मंगळवेढ्याच्या वाटा मिळतात. या शहराचे ठाणे म्हणून महत्त्व वाढले ते बऱ्याच अंशी या फाट्यांमुळे.

पूर्वपीठिका. दख्खनच्या पठारावरून पूर्व किनाऱ्याकडे जाणारी वाहतूक फार जुनी. सोलापूरच्या उत्तरेला असलेले तेर हे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा पैठणच्या जोडीने उल्लेख येतो. बहामनी काळातला सोलापूरचा भुईकोट पुढे आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात झगड्याचे कारण ठरला, कारण तो हातात असला की हद्दीवरच्या वाटा हातात राहत. नळदुर्गात बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत १६१३ मध्ये धरण बांधले गेले आणि त्याच्या पोटात पाणीमहाल काढला गेला. आजही हैदराबादकडे जाणारा प्रवासी पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहायला इथे वाट वाकडी करतो.

मात्र त्या काळचा ‘रस्ता’ म्हणजे आजच्यासारखी बांधीव पट्टी नव्हे. सोलापूरची जमीन काळी. पावसात ती फुगते, चिकटते आणि गाडीचे चाक आसापर्यंत गिळते. त्यामुळे बैलगाड्यांची वाहतूक आठ महिन्यांची, आणि वाट म्हणजे शेजारी शेजारी पडलेल्या अनेक चाकोऱ्या. मीठ व धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे याच मुलखातून जात. मुळेगाव तांडा या नावातला ‘तांडा’ हा शब्द मुळात गावाचा नव्हे, चालत्या काफिल्याचा आहे.

बारमाही रस्ता आला तो एकोणिसाव्या शतकात. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला होऊन मुंबई आणि पुणे गाडीरस्त्याने जोडले गेले. पुढची दिशा साहजिकच सोलापूरची होती. १८५३ च्या तहाने निजामाचा धाराशिव–नळदुर्गचा मुलूख कंपनीकडे आला आणि १८६० मध्ये तो परत गेला. मधल्या काळात बहुतेक वर्षे तिथला कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर या अधिकाऱ्याने रस्ते आणि तलावांच्या कामात लक्ष घातले होते. गंमत अशी की रस्ता नीट बसतो न बसतो तोच, १८६० मध्ये, रेल्वे सोलापूरला पोचली. लांबचा माल रुळांवर गेला आणि राजरस्ता स्टेशनाला कापूस व धान्य पुरवणारा जोडरस्ता झाला. पुन्हा तो हमरस्ता झाला मोटारलॉऱ्या आल्यावर.

दुष्काळ आणि खडी. सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांचा इतिहास दुष्काळाच्या इतिहासापासून तोडता येत नाही. १८७६–७८ च्या दुष्काळात लोकांना काम म्हणून रस्ते आणि तलाव काढले गेले. मोहोळ तालुक्यातला आष्टी तलाव त्याच काळातला. १९७२ च्या दुष्काळातही तेच झाले. रस्त्याकडेला ओळीने बसून बायाबापड्यांनी हातोडीने खडी फोडली, तिचे मोजमाप करून मजुरी घेतली आणि पोरांना सुकडी मिळाली. त्या पिढीतली माणसे आजही ‘खडी फोडून दिवस काढले’ असे म्हणतात तेव्हा ती अलंकारिक बोलत नसतात. या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. रस्त्याचे स्मरण करायचे तर ज्या साहेबांनी आखणी केली त्यांच्याइतकेच या हातांचे व्हायला हवे. पण पाटीवर नाव कोरायला त्यांची नावे हजेरीच्या मस्टरखेरीज कुठे लिहिलेली नसतात.

सप्टेंबर १९४८. या रस्त्याच्या इतिहासातला सर्वांत वजनदार दिवस १३ सप्टेंबर १९४८ हा होय. हैदराबाद संस्थानावरील कारवाईत भारतीय सैन्याची मुख्य फळी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून याच रस्त्याने निघाली. पहिली चकमक नळदुर्गला झाली. तिथला बोरी नदीवरचा पूल हा कळीचा होता. तो उडवला गेला असता तर पावसाळ्याच्या अखेरीस भरलेल्या नदीपाशी रणगाडे खोळंबले असते. ७ व्या ब्रिगेडने तो अचानक हल्ला करून धड अवस्थेत ताब्यात घेतला. चिलखती दल पुढे जळकोटला आणि त्याच दिवशी दुपारी उमरग्याला पोचले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला संस्थानी सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शस्त्रे ठेवली. मराठवाड्यात १७ सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

त्याआधीचे वर्षभर सोलापूरकडची हद्द धुमसत होती. संस्थानातून आलेले कार्यकर्ते आणि निर्वासित याच रस्त्याने सोलापुरात येत आणि हद्दीलगतच्या कॅम्पांतून लढ्याची सूत्रे हलत. म्हणून नळदुर्गचा पूल, इटकळच्या बाजूची जुनी हद्द आणि सोलापुरातल्या आश्रयाच्या जागा यांना एका सूत्रात बांधता येते. जिल्ह्याची आजची सीमा मध्ये येते म्हणून ही गोष्ट अर्धी सोलापूरची आणि अर्धी धाराशिवची होऊन बसते. रस्त्याला मात्र ती एकच आहे.

खुणा. जतनाच्या दृष्टीने पहिला क्रम मैलाच्या दगडाचा. राष्ट्रीय महामार्गावरच्या दगडाचा गोलसर माथा पिवळा आणि राज्यमार्गावरच्याचा हिरवा असतो. दर पाचव्या किलोमीटरचा दगड मोठा, आणि मध्ये २०० मीटरचे बुटके. वजनमापांच्या १९५६ च्या कायद्यानंतर साठच्या दशकात मैल जाऊन किलोमीटर आले. पुण्याहून येताना सोलापूरपाशी मैलांचा आकडा दीडशेच्या थोडा पुढे असे, किलोमीटरचा अडीचशेपाशी पोचला. जुना कोरीव दगड ओळखायचा तर रंगावर जाऊ नये. दगडाच्या अंगावरून बोटे फिरवावीत. रंगाच्या थरांखाली खोदलेल्या आकड्याची खाच लागते आणि ती वर रंगवलेल्या आकड्याशी जुळत नाही. दगड खचत जातो हाही समज अपुरा आहे. दर डांबरीकरणाला रस्ता दोन-चार बोटे चढतो, साईडपट्टीवर मुरूम पडतो आणि दगड जागच्या जागी गळ्यापर्यंत गाडला जातो. असा गाडलेला दगड एका अर्थी सुरक्षित असतो. जेसीबीच्या बकेटीत आलेला मात्र भरावात जातो.

दुसरी खूण झाडांची. वड लावायला रोप लागत नाही. जाड फांदी रोवली आणि दोन उन्हाळे पाणी दिले की ती धरते. जुन्या रस्त्यांवर वड, लिंब आणि चिंच यांच्या रांगा अशाच उभ्या राहिल्या. त्यांना पाणी घालणारा माणूस म्हणजे मैलकुली. एकेका मैलाची निगा त्याच्याकडे असे : खड्ड्यात मुरूम भरणे, चर मोकळे करणे, बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारणे. रात्री दिव्याच्या झोतात ते पांढरे पट्टे ओळीने दिसत आणि ड्रायव्हरला रस्त्याचे वळण आधी कळे. परावर्तक खांब आले तेव्हा पट्टेही गेले आणि मैलकुली हे पदही जवळजवळ गेले.

दगडी मोऱ्या आणि कमानीचे पूल हा तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार, कारण ते पाहायला रस्त्यावरून खाली उतरावे लागते. काळ्या पाषाणाचे घडीव दगड आणि चुन्याच्या दगडी घाणीत मळलेला चुना यांनी बांधलेली कमान वाहनाच्या वजनाने किंचित हलते आणि चुना ती हालचाल सोसतो. डागडुजीत त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की तो तडकतो, भेगेत पाणी मुरते आणि आतला चुना धुपतो. दुरुस्त केलेली मोरी न दुरुस्त केलेल्या मोरीच्या आधी ढासळते ती यामुळे.

काही खुणा पाण्याखाली आहेत. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाने भीमाकाठची गावे उठवली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की उन्हाळ्यात वर येते. रेल्वेची वाटही तिथे बदलली, आणि डिकसळजवळचा जुना रेल्वेपूल पुढे इंदापूर–करमाळा भागातल्या लोकांनी मोटाररस्ता म्हणून वापरला. कोणी जतनाची योजना आखली नव्हती. तो उपयोगी होता, म्हणून राहिला.

रुंदीकरण आणि कायदा. पुणे–सोलापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात पूर्णत्वाला गेले. सोलापूरच्या पूर्वेकडचे काम त्यानंतर रखडत झाले. अपघात, उसाच्या ट्रॉल्या आणि एकेरी पुलांवरची कोंडी पाहिलेल्या कोणालाही त्याची गरज पटावी. प्रश्न होता तो रुंदी कुठल्या बाजूला घ्यायची, हा. एका अंगाची झाडे राखून ती रांग दुभाजकात किंवा सेवारस्त्याकडे घेता येते; पण मोजणी मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखी धरली की दोन्ही रांगा जातात.

१९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा भूसंपादन आणि देखभालीपुरता बोलतो. रस्त्याच्या ऐतिहासिकतेची त्यात सोय नाही. पुरातत्त्वाचे कायदे स्मारकासाठी आहेत, आणि मोरीला सहसा कोणी स्मारक म्हणत नाही. महाराष्ट्राने झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानले. परंतु तो कायदा नागरी भागाचा, आणि महामार्गावरचे बहुतेक वड गावांच्या शिवारात. सोलापूरला मिळणाऱ्या रत्नागिरी महामार्गावर मिरज तालुक्यातील भोसे येथे २०२० मध्ये एका जुन्या वडासाठी आखणी थोडी बदलली गेली. आखणी बदलते, एवढे त्यातून दिसले.

खरी संधी बायपासने दिली आहे. नवी आखणी गावाबाहेरून गेली की गावातला जुना तुकडा राज्याच्या बांधकाम विभागाकडे किंवा स्थानिक संस्थेकडे येतो. अवजड वाहतूक हटलेली असते, दगड आणि मोऱ्या जागेवर असतात. अमेरिकेत ‘रूट ६६’ १९८५ मध्ये महामार्गांच्या यादीतून वगळला गेला आणि त्यानंतरच, १९९९ मध्ये, त्याच्या जतनाचा कायदा झाला. भारतात हरियाणा, पंजाब आणि उत्तर प्रदेशातले कोसमिनार (कोसाकोसाचे अंतर दाखवणारे मनोरे) पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि उत्तरापथ व ग्रँड ट्रंक रोडवरची स्थळे २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. दख्खनच्या रस्त्यांना मिनार नाहीत; इथे तेच काम पार, बारव आणि चिंचेची सावली करत आली. त्यामुळे इथली यादी गावोगाव पायी फिरूनच करावी लागेल : दगडाचा फोटो, आकडा, तोंड कुठल्या दिशेला, आणि शेजारच्या शेतकऱ्याला तो केव्हापासून आठवतो.

चालून जपलेला रस्ता याच वाटेवर आहे. तुकाराम महाराजांची पालखी लोणी, यवत, वरवंड करत याच रस्त्याने येते आणि पाटसपासून रोटी घाटाकडे वळते. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन २०२१ मध्ये झाले. वारीत मुक्काम आणि विसावे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात, म्हणून डांबराचे थर कितीही चढले तरी त्या जागा हरवत नाहीत.

नावे. सोलापूर शहरात रस्त्याचे सर्वांत टिकाऊ स्मारक भाषेत आहे. तटाच्या वेशी गेल्या, तरी बाळीवेस, विजापूर वेस आणि तुळजापूर वेस ही ठिकाणे आहेत. जकात बंद झाली, नाक्यावरचे बांबू गेले, तरी विजापूर नाका, बोरामणी नाका आणि जुना पुणे नाका आहेत. यातला ‘जुना’ हा शब्द रिक्षावाल्याच्या तोंडी आजही अडत नाही. बाहेरगावचा माणूस नुसते ‘पुणे नाका’ म्हणाला, तर तो मान वळवून विचारतो, “जुना का?”