जाहिरात आणि पेड न्यूज: पैसे दोन्हीकडे, नाव एकीकडेच

निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या एकाच पानावर एकाच उमेदवाराचे दोन मजकूर दिसतात. एकात हात जोडलेला फोटो, पक्षचिन्ह, ‘प्रचंड बहुमताने विजयी करा’ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जाहिरात’. दुसऱ्यात तोच चेहरा, पण मथळा ‘प्रचारफेरीला गावोगावी उत्स्फूर्त प्रतिसाद’ आणि वर ‘प्रतिनिधी’ असा उल्लेख. या दुसऱ्यालाही पैसे मोजलेले असतील, तर ती पेड न्यूज. यावर अनेक जण म्हणतात, ‘सगळंच विकलेलं असतं, फरक काय पडतो?’ फरक पडतो, आणि बराच पडतो.

जाहिरातीला दर असतो, बिल असते. उमेदवाराने दिलेल्या जाहिरातीचे बिल त्याच्या निवडणूक खर्चात धरले जाते. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख रुपयांची मर्यादा आहे. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या राजकीय जाहिरातीला निवडणूक आयोगाच्या माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समितीची, म्हणजे एमसीएमसीची, आधी मंजुरी लागते. जाहिरातीत अतिशयोक्ती असतेच. पण आपली स्तुती कोण करतंय हे वाचकाला ठाऊक असते, म्हणून तो ती तेवढ्याच सावधपणे वाचतो.

13 जून 2023 ची ‘राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे’ ही पानभर जाहिरात अनेकांना आठवत असेल. एका सर्वेक्षणाचा हवाला देऊन तिच्यात म्हटले होते की, मुख्यमंत्री म्हणून 26.1 टक्के लोकांची पसंती तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंना आणि 23.2 टक्के लोकांची त्यांचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांना. फडणवीसांचा फोटो नव्हता, बाळासाहेबांचाही नव्हता. दिवसभर गदारोळ झाला. जाहिरात दिली कोणी, सर्वेक्षण केले कोणी, असे प्रश्न उघडपणे विचारले गेले. ती हितचिंतकाने दिल्याचा खुलासा झाला. दुसऱ्याच दिवशी नवी जाहिरात आली, त्यात फडणवीस होते, बाळासाहेब आणि आनंद दिघेही होते. तेच आकडे ‘प्रतिनिधी’च्या नावाने बातमी म्हणून छापून आले असते, तर ‘पैसे कोणी दिले?’ हा प्रश्नच कोणाला सुचला नसता.

पेड न्यूजमध्ये नेमका हाच प्रश्न गायब होतो. भारतीय प्रेस परिषदेची व्याख्या सोपी आहे: रोख किंवा वस्तुरूपात मोबदला घेऊन कोणत्याही माध्यमात दिलेली बातमी वा विश्लेषण. व्यवहार बहुतेकदा रोखीत, बोलीभाषेत ‘पॅकेज’. त्यात प्रचारफेरीची बातमी, मुलाखत, विरोधकावर टीका असे सगळे ठरवून येते. उमेदवाराचा खर्च हिशेबात दिसत नाही, माध्यमाचे उत्पन्न कागदावर येत नाही आणि वाचक प्रचाराला पत्रकाराचे मत समजून बसतो. तालुक्याच्या वार्ताहराची मिळकत पुष्कळदा जाहिरातींच्या कमिशनवर असते, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याच विरोधात बातमी लिहायची, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारून चालणार नाही.

महाराष्ट्रात हा विषय 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पेटला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत जवळपास शब्दशः छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. तेव्हा विधानसभेची खर्चमर्यादा 10 लाख होती. चव्हाणांच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये. प्रकरण वर्षानुवर्षे चालले. 2014 मध्ये निवडणूक आयोगाने त्यांच्याविरुद्ध आदेश दिला, पण त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. उत्तर प्रदेशात मात्र अशाच पेड न्यूजच्या प्रकरणात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना 2011 मध्ये आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले.

या दोन्ही प्रकरणांत आयोगाच्या हाती खर्चाचा हिशेब हेच हत्यार होते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पेड न्यूज हा स्वतंत्र गुन्हाच नाही. त्यामुळे एमसीएमसीला मजकूर संशयास्पद वाटला तर छापून आल्यापासून 96 तासांत उमेदवाराला नोटीस जाते, त्याने 48 तासांत उत्तर द्यायचे, आणि पेड न्यूज ठरली तर सरकारी दराने तिची किंमत त्याच्या खर्चात मिळवली जाते. पैसे प्रत्यक्ष दिल्याचा पुरावा क्वचितच सापडतो. मजकुरावरूनच अंदाज बांधावा लागतो.

तो अंदाज वाचकालाही बांधता येतो. तोच परिच्छेद दोन वेगळ्या दैनिकांत दिसला, तर थांबा. बातमीत एकही आकडा नाही, विरोधी बाजू नाही, नुसती विशेषणे आहेत, तरी थांबा. एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांच्या बातम्या आणि दोघांचाही विजय निश्चित, असाही प्रकार प्रेस परिषदेच्या पाहणीत आढळला होता. मात्र एखादा संपादक एका पक्षाकडे झुकलेला आहे म्हणून त्याचे लिखाण पेड ठरत नाही. पक्षपात हे मत असू शकते, पेड न्यूज हा सौदा आहे. दोन्ही एकाच मापाने मोजले तर प्रामाणिक पत्रकारही संशयाखाली येतो आणि सौदा करणारे गर्दीत लपतात.

मोबाईलवर हाच पेच आणखी घट्ट झाला आहे. फेसबुक किंवा गुगलवरची राजकीय जाहिरात कोणाच्या पैशाने चालली हे त्यांच्या जाहिरात संग्रहात शोधता येते. पण जत्रेचे, वडापावचे व्हिडिओ टाकणाऱ्या स्थानिक पेजवर प्रचाराच्या दिवसांत अचानक ‘आमच्या भागाचा खरा कामाचा माणूस’ अशी रील येते, तेव्हा तिथे ‘जाहिरात’ अशी कसलीच पट्टी नसते. जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था असलेल्या जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सर्सना पैसे घेतलेला मजकूर स्पष्ट सांगण्याचे नियम घातले, पण राजकीय जाहिराती तिच्या कक्षेत येतच नाहीत.

विधी आयोगाने मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात पेड न्यूजची व्याख्या कायद्यात घालून तिला निवडणूक गुन्हा ठरवावे, दोषी उमेदवाराला अपात्र करावे, असे सुचवले. त्याआधी निवडणूक आयोगानेही अशीच मागणी केली होती. सत्तेवर कोणीही असो, ही दुरुस्ती मंजूर झालेली नाही. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे, इतका हा प्रश्न महत्त्वाचा आहे: तुमचा पक्ष ही दुरुस्ती संसदेत कधी मांडणार?