पणजोबांची द्राक्षवेल बियांतून का परत येत नाही?

शिराझ या वाइनच्या द्राक्षाचं बी पेरलं तर शिराझची वेल उगवत नाही. उगवते ती त्या वेलीची लेक. तिच्या घडाचा आकार निराळा, मण्याची साल निराळी, रसाची गोडी-आंबटही निराळी. शिराझ स्वतःसुद्धा असंच कुणाचं तरी लेकरू आहे. १९९८ मध्ये डीएनए चाचणीतून तिचे आईबाप सापडले, तेव्हा जाणकारही चकित झाले. द्युरेझा हे काळं द्राक्ष आणि मोंद्यूझ ब्लांश हे पांढरं, आणि दोन्ही फ्रान्सबाहेर फारसं कुणाला माहीत नसलेली. त्यांच्या संकरातून कधीतरी एक बी रुजलं. आज जगभर जितकी शिराझ उभी आहे, ती सगळी त्या एका रोपाच्या काड्यांतून, काड्यांच्या काड्यांतून पुढे आलेली आहे.

म्हणून एखादं कुटुंब वाडवडिलांची द्राक्षबाग पुन्हा उभी करायला निघतं, तेव्हा खरा प्रश्न जमिनीचा नसतो. जमीन कागदपत्रांवरून शोधता येते. जिवंत लाकूड उरलंय का, हे आधी पाहावं लागतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात ते उरलं. धार्मिक छळाला कंटाळून प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातून निघालेली ल्युथरन पंथाची कुटुंबं १८४२ पासून तिथे वसली. त्याच्या दहा वर्षं आधी द्राक्षांचे जाणकार जेम्स बझ्बी यांनी स्पेन-फ्रान्समधून शेकडो वाणांच्या काड्या जहाजातून ऑस्ट्रेलियात आणल्या होत्या. खोऱ्यातल्या लँगमील वायनरीच्या बागेत १८४३ साली लावलेली शिराझ आजही फळ देते. ही वायनरी मध्यंतरी बंद पडली होती. १९९६ साली स्थानिक मंडळींनी ती घेतली, वेली सावरल्या, आणि आज लिंडनर कुटुंब ती चालवतं. जवळच एका जागेवर बांधकाम येणार होतं, तिथल्या जुन्या वेली त्यांनी मुळासकट उचलून नदीकाठी नेऊन लावल्या. बरोसाने २००९ मध्ये वेलींच्या वयाचे दर्जे ठरवले. त्यात १२५ वर्षांपुढच्या वेलीला ‘पूर्वज’ म्हणतात.

एवढी जुनी वेल उपटून दुसरीकडे लावली तर जगते कशी? द्राक्षाच्या खोडात झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात. कोवळ्या फुटीच्या बुडाशी असलेले काही डोळे फुटत नाहीत. खोड जाड होत जातं तसे ते सालीखाली दडून राहतात, कधी कधी वर्षानुवर्षं. वाढत्या शेंड्याकडून येणारं संप्रेरक त्यांना दाबून ठेवतं. वरचा भाग छाटला की तो दाब उठतो आणि काळ्या, भेगाळलेल्या खोडातून हिरवी फूट बाहेर पडते. तिला लागणारं अन्न खोडात आणि मुळांत पिष्टाच्या रूपात आधीच साठवलेलं असतं.

बरोसाचं नशीबही मोठं. फायलोक्सेरा नावाचा, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा कीटक अमेरिकेतून युरोपात गेला आणि १८६० च्या दशकापासून त्याने फ्रान्सच्या बागांची मुळं खाऊन टाकली. १८७७ मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात सापडला. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने वेली आणि काड्यांच्या ये-जा करण्यावर कडक बंधनं घातली आणि कीटक बाहेरच राहिला. त्यामुळे तिथल्या जुन्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. युरोपने तोडगा काढला तो कलमाचा: वर युरोपी द्राक्ष, खाली कीटकाला दाद न देणारा अमेरिकी जंगली खुंट.

आपल्याकडे नारायणगावच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. टेक्सासच्या जंगली वेलीतून आलेला डॉगरिज खुंट त्याच्या बागेत आहेच. फक्त कारण वेगळं. आपण तो घेतला अपुऱ्या पाण्यासाठी आणि क्षारांसाठी. खुंट आधी लावायचा आणि मग त्यावर पाचर कलम करायचं. दोन्ही काड्यांच्या सालीखालचा हिरवा, वाढता थर एकमेकांना नीट भिडला तरच कलम धरतं.

मात्र पुणे जिल्ह्यात १८० वर्षांची वेल का दिसत नाही, याचं उत्तर हवामानात आहे. थंड देशात पानं झडतात, वेल हिवाळाभर झोपते आणि अन्नाचा साठा शाबूत राहतो. इथे ती झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काड्या बुडाशी कापणं, आणि ऑक्टोबरमध्ये घडांसाठीची फळछाटणी. वर्षातून दोनदा त्याच साठ्यातून नवी फूट काढायची. बारा-पंधरा वर्षांत बाग थकते, हा बागायतदारांचा नेहमीचा अनुभव आहे.

या दोन छाटण्यांमध्ये डोळ्यात काय घडतं, ते एकदा तरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं. फळछाटणीआधी शेतकरी काड्या घेऊन तपासणीला जातात. ब्लेडने डोळा उभा चिरला की आत एक नाही, तीन डोळे दिसतात. मधला मोठा आणि त्याला खेटून दोन लहान, मधला मेला तर फुटण्यासाठी. मधल्यात जानेवारी-फेब्रुवारीत काढायचा घड सूक्ष्म गाठीच्या रूपात आधीच तयार असतो. खरड छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत काडीला ऊन मिळालं नाही, तर तिथे घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, निघते.

काडीबरोबर वारसा जातो, तसे रोगही जातात. लीफरोल विषाणू असलेल्या काळ्या वाणाच्या वेलीची पानं खाली वळतात, शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लाल होतो. अशा वेलीच्या शेंड्याचा अगदी टोकाचा, विषाणू न पोचलेला कण प्रयोगशाळेत वाढवून स्वच्छ रोप मिळवता येतं. पण एकाच रोपापासून सगळी बाग केली, तर दुसरं काही हरवतं. दीडशे वर्षांत प्रत्येक वेलीत लहानसहान जनुकीय बदल साठत गेलेले असतात. काळ्या पिनो नॉयरपासून पांढरी पिनो ब्लांक अशाच बदलांतून आली. म्हणून जुन्या बागेच्या जितक्या वेगवेगळ्या वेलींच्या काड्या घेता येतील तितक्या घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडची भोकरी आणि फकडी ही जुनी द्राक्षं थॉम्पसन या बिनबियांच्या वाणाच्या लाटेत बागांतून गेली. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात शेकडो वाण सांभाळले जातात, पण वाड्याच्या परसात किंवा विहिरीच्या मांडवावर टिकलेली वेल कुठल्याही संग्रहात नसू शकते. तुमच्याकडे अशी वेल असेल तर ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तपकिरी झालेली, तीन-चार डोळ्यांची काडी निवडा. खालचा काप डोळ्याखाली तिरका आणि वरचा सरळ घ्या, म्हणजे लावताना उलटसुलट होणार नाही. दोन डोळे मातीत जाऊ द्या, माती ओलसर ठेवा, आणि पिशवीवर वेलीची जागा आणि वर्ष लिहून ठेवा.